मशीनघराची ओ

१

देवगाव फाट्याच्या दूध शीतकरण केंद्रात सारखं कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असे. नव्या माणसाला वाटावं, इथे सगळे बहिरे आहेत की काय. पण तो केंद्राचा नियम होता. मशीनघराच्या दारात उभं राहायचं, आत जो असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, आणि आतून ओ आली की आपापल्या कामाला लागायचं. ओ आली नाही तर घंटा बडवायची, दाराशेजारच्या पिंपात भिजत ठेवलेलं पोतं डोक्यावर घ्यायचं आणि आत घुसायचं.

नियम अनंतरावांचा. अनंतराव केंद्राचे प्रमुख. शिक्षण पुण्यात, घर परभणीत, आणि तोंड असं की एकदा सुरू झालं की समोरच्याने मुकाट्याने जमिनीकडे बघावं. गावोगावचं दूध कॅनमधून त्यांच्याकडे यायचं, मोठ्या टाकीत थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. ते थंड करणाऱ्या यंत्रात अमोनिया वायू. अनंतराव म्हणत, अमोनिया म्हणजे आपण पदरी ठेवलेला वैरी आहे. काम चोख करतो, पण फट सापडली की आधी डोळे धरतो, मग घसा. ज्याच्या घशात तो शिरला त्याला 'धावा' म्हणायलाही आवाज उरत नाही. म्हणून आतल्याच्या ओरडण्याची वाट बघायची नाही. बाहेरच्याने हाक मारायची, आतल्याने ओ द्यायची.

आणि इथेच सुरुवातीला गाडं अडलं होतं. कामाला होती ती आसपासच्या खेड्यांतली माणसं, आणि त्यांच्या हाडीमाशी एक गोष्ट खिळलेली. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा बोलावतोच. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा बोलावत नाही.

अनंतरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना आवारातल्या लिंबाखाली उभं केलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "तिसऱ्या हाकेपर्यंत माणूस मरून पडेल आत! मग तुमचं भूतच देईल ओ!"

सगळे हसले. कॅन धुणारी चतुराबाई तेवढी हसली नाही. पण हुकूम तो हुकूम. दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, आणि मशीनघरातून दिवसभर ओ येऊ लागली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, दूध घेऊन झाल्यावर अनंतराव नेहमीसारखे दारात उभे राहिले.

"भुजंग!"

"ओ!"

स्वच्छ, ठणठणीत ओ. अनंतराव समाधानाने वळले, तर भुजंग समोरून हौदाकडून येत होता. तोंड धुतलेलं, खांद्यावर पंचा, हातात दातवणाची काडी.

"मला हाक मारली का, साहेब?" त्याने विचारलं.

२

अनंतराव असल्या गोष्टींना भीक घालणारे नव्हते. आवाज घुमला असेल. मशीनघर लांबलचक, वर पत्रे, भिंतींना गिलावा नाही, पलीकडे बर्फाच्या पाण्याची टाकी. अशा खोलीत शब्द कुठून कुठे जाऊन आपटेल याचा भरवसा नाही. आपणच 'भुजंग' म्हणालो, त्यातलं शेवटचं काहीतरी परत आलं.

तरी ते आत गेले. कॉम्प्रेसरचा पट्टा सळसळत होता. टाकीतलं पाणी ढवळणारा पंखा संथपणे गुरगुरत होता. नळांवर बर्फाची जाड पांढरी साय चढली होती. बाहेर डांबर वितळायला लागलं होतं आणि इथे दंडावर काटा येत होता. आत कुणी नव्हतं. लपायला जागाही नव्हती.

"भुजंग!" त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून पुन्हा हाक मारली.

काही नाही. पट्टा आणि पाणी.

दारातून खरा भुजंग म्हणाला, "ओ, साहेब. मी हितंच हाय की."

अनंतरावांना आपलीच लाज वाटली आणि लाज वाटली की त्यांना राग येत असे. त्यांनी भुजंगाला दातवण वेळेवर का करत नाही म्हणून झापलं. भुजंगाने ऐकून घेतलं. साहेबांचा शब्द त्याला प्रमाण होता. साहेबांनी बोट दाखवलं ती पूर्व, इतका तो सरळ माणूस. दुसऱ्या पाळीला यंत्रावर असायचा तो बन्सीधर त्याचाच पाठचा भाऊ. थोडा आळशी, थोडा गोड गळ्याचा, ओ द्यायची तर जांभई दिल्यासारखी द्यायचा.

दुपारी चतुराबाई कॅन पालथे घालता घालता अनंतरावांना म्हणाली, "साहेब, एक बोलू का? राग येऊ देऊ नका."

"बोला."

"सकाळची ती ओ म्या बी ऐकली. भुजंग तवा हौदावर होता. म्या बघायले होते त्याला."

"आवाज घुमतो, चतुराबाई."

"घुमत असंल." तिने एक कॅन ठाणदिशी खाली ठेवला. "पर आमी ओ देत नव्हतो तवा तिथं कुनीच देत नव्हतं. आता दिसभर ओ ओ चालू हाय. ऐकून ऐकून पोपट बी बोलतो."

"तुम्ही कॅन धुवा. मशीनघराचं मी बघतो."

तिने पुढचा कॅन ओढला. पण त्या दिवसापासून अनंतरावांच्या ध्यानात आलं की चतुराबाई मशीनघराकडे पाठ करून बसत नाही.

३

गळती शोधायला केंद्रात गंधकाची कांडी असे. ती पेटवायची आणि नळांच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. हवा स्वच्छ असेल तर बारीकसा धूर निघतो. जिथे अमोनिया झिरपत असेल तिथे तोच धूर एकदम पांढराशुभ्र, दाट होतो. कांडी खोटं बोलत नाही, असं अनंतराव म्हणत. माणसांबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी बन्सीधरला बरोबर घेऊन सगळं मशीनघर कांडीने तपासलं. कॉम्प्रेसर ठीक. पातळ अमोनिया साठवणारी ती आडवी पोलादी टाकी, रिसीव्हर, तीही ठीक. सगळे व्हॉल्व्ह ठीक. अनंतराव खूश झाले. कांडी विझवायच्या आधी ती हातात तशीच धरून ते बर्फाच्या टाकीला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात गेले, आणि धूर पांढरा झाला.

तिथे नळ नव्हता. सांधा नव्हता. नुसती दगडी भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे रिकामी हवा. कांडी खाली नेली की धूर साधा होई. वर नेली तरी साधा. एकाच उंचीवर तो दाटत होता, माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर.

"साहेब," बन्सीधर हळूच म्हणाला, "हितं तर नळच न्हाई."

अनंतराव बघत राहिले. धूर दाटे, मग विरे. पुन्हा दाटे, पुन्हा विरे. एका लयीत. मग त्यांना हसू आलं. अरे, आपण इतक्या जवळ उभे आहोत, आपल्याच श्वासाने धूर हलणार! खात्री करायला त्यांनी श्वास रोखला.

धूर थांबला.

त्यांनी श्वास सोडला. धूर दाटला.

"बघ," ते बन्सीधरला म्हणाले, "माझाच श्वास. घाबरतोस काय असा?"

बन्सीधरने मान हलवली. दोघे बाहेर आले. उन्हात आल्यावर, कांडी बुटाखाली चिरडताना, अनंतरावांच्या मनात आलं की धूर श्वासाने हलतो हे खरं, पण पांढरा होतो तो अमोनियाने. माणसाच्या श्वासात अमोनिया नसतो. आणि श्वास रोखल्यावर धूर थांबला तो लगेच नव्हता थांबला. जरा उशिरा थांबला होता, बघून बघून नक्कल करणाऱ्या पोरासारखा.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ज्यांना लिंबाखाली उभं करून शहाणपण शिकवलं त्यांनाच?

४

मे महिन्यातली टळटळीत दुपार. भुजंग फाट्यावर पट्टा सांधायला गेला होता. यंत्रावर बन्सीधर, आणि हाक मारायची पाळी चतुराबाईची. अनंतराव आपल्या खोलीत टेबलाशी बसले होते. त्यांच्या खिडकीतून मशीनघराचं दार सरळ दिसायचं.

"बन्सीधर!" चतुराबाईची हाक.

"ओ!" जांभई दिल्यासारखी.

अनंतरावांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पुन्हा हाक झाली, पुन्हा तशीच ओ आली. त्यानंतर आणखी एकदा. नियम कसा घड्याळासारखा चालला आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं.

मग वास आला. नाकात सुई टोचावी तसा.

ते धावत सुटले. पोतं डोक्यावर घेऊन, जमिनीलगत वाकून आत शिरले, कारण अमोनिया वर चढतो आणि खाली थोडी हवा राहते, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. बन्सीधर रिसीव्हरपाशी पालथा पडला होता. एका व्हॉल्व्हची पकड सुटून वायू थेट त्याच्या तोंडावर आला असावा. गालाची कातडी पांढरी पडून सुटली होती. डोळे सुजून मिटले होते. पाना हातात तसाच. अंगाखालचं ओघळलेलं तेल कपड्यांत पार मुरलं होतं. माणूस आत्ता पडलेला नव्हता. पडून बराच वेळ झाला होता.

त्याला ओढून लिंबाखाली आणलं, अंगावर हौदाचं पाणी घागरीमागून घागर ओतलं. चतुराबाई त्याच्याकडे आणि मशीनघराकडे आळीपाळीने बघत होती.

"आत्ता ओ दिली की यानं," ती म्हणत होती. "साहेब, आत्ता दिली. तुमी बी ऐकली की."

अनंतराव पाणी ओतत राहिले.

५

बन्सीधर वाचला. परभणीच्या दवाखान्यात त्याचा एक डोळा डॉक्टरांनी कसाबसा राखला. घसा मात्र आतून भाजून निघाला होता. आवाज परत यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

भुजंगाने दवाखान्याच्या व्हरांड्यात अनंतरावांना गाठलं. डोळे रडून लाल. "साहेब, खरं सांगा. त्या बाईनं हाक मारली होती का न्हाई?"

अनंतरावांपुढे दोन वाटा होत्या. मारली होती म्हणावं, तर मग ओ कुणी दिली? दूध संघाच्या चेअरमनपुढे काय सांगायचं, मशीनघर बोलतं म्हणून? नोकरी जाईल, आणि त्याआधी अब्रू जाईल. पुण्याहून शिकून आलेल्या माणसाने फाट्यावरच्या बायाबापड्यांपुढे कबूल करायचं, की तुमचंच खरं होतं? ते त्यांच्या जिवावर आलं.

"नाही," ते म्हणाले. "हाक मारली नव्हती. मी खिडकीतच होतो. मारली असती तर ऐकू आली असती."

भुजंगाने दात खाल्ले. केंद्रात परतल्यावर तो चतुराबाईला जे जे बोलला ते लिहिण्याजोगं नाही. त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर ती नुसती अनंतरावांकडे वळली. "म्या हाक मारली होती, साहेब. तुमाला ठावं हाय." अनंतराव खोलीत निघून गेले. तिला कामावरून काढायचं पाप तेवढं त्यांनी केलं नाही, हेच त्यांना स्वतःचं मोठेपण वाटलं. पण त्या दिवसापासून केंद्रात तिच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा भुजंग घेईना.

ते पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा बन्सीधर शुद्धीवर होता. उशाशी त्याची बायको मनकर्णा बसली होती. अनंतरावांना बघताच बन्सीधर उठायला धडपडला. तोंड उघडलं, मिटलं. नुसती हवा आली. मग त्याने हातांनी सांगायला सुरुवात केली. स्वतःच्या तोंडावर हात ठेवून मान जोरजोराने हलवली. मग तळहात वर धरला, आपल्या चेहऱ्याच्या वर वीतभर, आणि बोटं उघडमीट केली.

"काय म्हणायलाय?" अनंतरावांनी विचारलं.

"कालपून हेच करायलेत," मनकर्णा म्हणाली. "म्हनत्यात, ओ म्या न्हाई दिली. म्या खाली पडलो होतो. माज्या तोंडाच्या वर बसून कुनीतरी देत होतं."

"भाजल्यावर माणसाला भास होतात," अनंतराव म्हणाले. केळी ठेवली आणि उठले.

संध्याकाळी केंद्रावर परतले तेव्हा आवारात कुणी नव्हतं. उन्हं कलली होती. नवा व्हॉल्व्ह बसवून यंत्र चालू झालं होतं. अनंतराव दारात थांबले. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं, आणि तरी राहवलं नाही.

"बन्सीधर," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"ओ," आतून आली. जांभई दिल्यासारखी.

६

त्यानंतर अनंतरावांनी नियम बदलायचं ठरवलं, पण कारण काय सांगायचं ते सुचेना. त्यातच जून उजाडला आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला. फाट्यावर टायर जळत होते, एस.टी. थांबली होती, टँकर सेलूच्या पलीकडे कुठेतरी अडकून पडला होता. म्हशींना मात्र बंद कळत नाही. सकाळी डोक्यावरून, सायकलवरून, बैलगाडीतून दूध आलंच. टाकी गळ्यापर्यंत भरली. कामाला दोघंच पोचले. भुजंग, आणि फाट्यावरच राहणारी चतुराबाई. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दुपारी पुन्हा तो वास आला.

अनंतरावांनी दारातून वाकून पाहिलं. रिसीव्हरच्या बुडातला व्हॉल्व्ह गळत होता. जमिनीवर पांढरं धुकं पसरत होतं आणि वर चढत होतं. त्याच्या अलीकडचा एक व्हॉल्व्ह बंद केला की गळती थांबणार होती. नाही केला तर सगळा रिसीव्हर रिकामा होईल, वायू वाऱ्याबरोबर फाट्यावरच्या घरांत शिरेल. घरांत आज बंदमुळे यच्चयावत माणसं होती.

भुजंग पोतं भिजवायला लागला. "म्या जातो, साहेब."

"नाही," अनंतराव म्हणाले. एका भावाचा आवाज त्या खोलीने घेतला होता. दुसऱ्याला आत पाठवायची त्यांची छाती झाली नाही. मनात कुठेतरी असंही होतं, की आपण स्वतः आत जाऊन आलो, धडधाकट बाहेर आलो, की हे सगळं आपोआप मिटेल. "मी जातो. मास्क आहे."

मास्क होता. त्याचा गाळणीचा डबा जुना झाला होता. नवा परभणीहून यायचा होता आणि बंदमध्ये अडकला होता. थोडा वेळ तरी टिकेल, असा त्यांचा हिशोब होता. आणि मास्कनेच त्यांना इतके दिवस न सुचलेलं कारण सुचवलं.

चौकटीत उभं राहून, यंत्राच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून मोठ्याने, ते भुजंगाला समजावू लागले. "नीट ऐक. मास्कमधून आवाज बाहेर येत नाही. मी ओ देणार नाही. आतून ओ आली तर ती माझी नाही, समजलास? तू हाक मार. मी पान्याने नळावर दोन ठोके देईन. दोन ठोके आले की मी ठीक आहे, तू बाहेरच थांब. ठोके आले नाहीत तर पोतं घेऊन सरळ आत ये."

"दारात नका सांगू, साहेब!" लिंबाखालून चतुराबाई ओरडली. "इकडं या. इकडं येऊन सांगा त्याला."

"आता तुझ्याकडून शिकायचं तेवढं राहिलंय," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी मास्क चढवला.

७

आत काचेतून सगळं पांढरं दिसत होतं. ते वाकून, नळाला हात लावत लावत पुढे सरकले. व्हॉल्व्ह सापडला. पाना लावला. चाक जाम होतं. अंगाचा सगळा भार टाकल्यावर कुरकुरत फिरलं.

"साहेब!" बाहेरून भुजंगाची हाक.

अनंतरावांनी नळावर दोन ठोके दिले. ठण, ठण.

"बरं हाय!" भुजंग ओरडला. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून त्यांना हसू आलं. त्यांनी चाक आणखी फिरवलं, पार बसेपर्यंत. फसफस थांबली. झालं. जिंकलं. इतकं सोपं होतं आणि आपण किती दिवस नाहक झुरलो, असं त्यांच्या मनात येत होतं तेवढ्यात मास्कमध्ये वास आला.

डबा संपला होता.

ते वळले. घाईत पाय तेलावर गेला. डोकं रिसीव्हरच्या पायावर आदळलं, मास्क तिरका झाला, आणि त्यांनी आयुष्यातला सगळ्यात वाईट श्वास घेतला. घसा आतून कुणी मूठ वळावी तसा मिटला. डोळे मिटले. पाना हातातून निसटून फरशीवर सरकत गेला.

ते पालथे पडून राहिले. जमिनीलगत वीतभर बरी हवा होती, नाक फरशीला चिकटवलं तर थोडी थोडी मिळत होती. हात उचलवत नव्हता. ओरडायला गेले तर ओठ हलले आणि हवा आली. बन्सीधरसारखी. पण अनंतराव घाबरले नाहीत. आता भुजंग हाक मारेल. ठोके जाणार नाहीत. भुजंग आत येईल. त्यांचा नियम चोख होता. थोडा वेळ तग धरायचा, बस.

"साहेब!"

अनंतराव वाट बघत राहिले. आता पोतं. आता पावलं.

ठण, ठण.

आवाज अगदी जवळून आला. त्यांच्या डोक्याच्या वरून, वीतभर अंतरावरून.

"बरं हाय!" भुजंग बाहेरून ओरडला.

अनंतरावांनी सगळा जीव एकवटून एक डोळा उघडला. आग झाली. पाण्यातून दिसावं तसं क्षणभर दिसलं. पाना फरशीवर नव्हता. तो वर होता, नळाशी, आणि त्याच्याभोवती धुकं दाटत होतं, विरत होतं, पुन्हा दाटत होतं. त्यांनी श्वास रोखला. धुकं थांबलं. या वेळी जराही उशीर झाला नाही. मग डोळा मिटला आणि पुन्हा उघडला नाही.

कान मात्र शाबूत होते. बाहेर लिंबाखालचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"भुजंग, जा आत," चतुराबाई म्हणत होती. "फसफस कवाच थांबली. मग अजून बाहेर का येईनात? जा, तुझ्या पाया पडते."

"ठोके आले की."

"आले, म्हनून तर म्हनायले जा. त्या दिशी बी ओ अशीच येत होती. म्या हाक मारायले होते आन् ती येत होती."

"तू मारलीच नव्हतीस!" भुजंगाचा आवाज चिरकला. "माझा भाऊ मुका झाला तुझ्यापायी. साहेब खिडकीत होते. साहेबांनी सोता सांगितलं मला. साहेब खोटं बोलतील व्हय?"

अनंतरावांनी फरशीवर बोटं आपटली. बोटांचा आवाज झाला नाही. खोटं बोललो, भुजंग. तिने हाक मारली होती. मी ऐकली होती. शब्द छातीत तयार होते, एकापुढे एक उभे होते, आणि घसा बंद होता.

"म्या मारली होती रं," चतुराबाई म्हणाली. ती रडत होती. "तू जायना तर म्याच जाते. दे ते पोतं."

धडपड ऐकू आली. पोतं हिसकल्याचा आवाज. "एक पाऊल पुढं टाकशील तर बघ! ठोके आले तर भाईरच थांबायचं, साहेबांचा हुकूम हाय. तुझं ऐकून हुकूम मोडू? पुन्यांदा हाक मारतो, तूच ऐक. मग तर पटंल?"

भुजंग दारापर्यंत आला. त्याच्या वहाणा उंबऱ्याशी वाजल्या. अनंतरावांच्या पायांपासून उंबरा फार लांब नव्हता.

"साहेब!" त्याने हाक मारली.

या वेळी ठोके जरा लवकर आले.